फायब्रॉइडची गाठ गर्भाशयाबाहेर सापडते तेव्हा

गर्भाशयाच्या भिंतीतल्या स्नायूंपासून होणाऱ्या गाठी, म्हणजे फायब्रॉइड, इतक्या सर्रास आढळतात की चाळिशीपुढच्या बाईच्या सोनोग्राफीत त्या दिसल्या तर डॉक्टरांना नवल वाटत नाही. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पन्नाशीपर्यंत सुमारे ७० टक्के गोऱ्या आणि ८० टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय स्त्रियांना या गाठी होतात, असे दिसले होते. बहुतेकींना त्यांचा पत्ताही नसतो. ज्यांना त्रास होतो, त्यांचा त्रास ओळखीचा असतो: अंगावरून जास्त जाणे, ओटीपोटात जडपणा, वारंवार लघवीला जावे लागणे, दिवस राहण्यात अडचण. या गाठी कर्करोगाच्या नसतात, आणि डॉक्टर तसे सांगतात ते बरोबरच आहे. मात्र क्वचित एखादीच्या बाबतीत याच स्नायूच्या गाठी गर्भाशयाची हद्द ओलांडतात. फुप्फुसात, पोटातल्या मोठ्या शिरेत, हृदयाच्या उजव्या कप्प्यात किंवा आतड्यांवरच्या पातळ पडद्यावर त्या सापडतात. पेशी पाहिल्या तर फायब्रॉइडच्याच, पण जागा अशी की स्कॅनचा अहवाल वाचणाऱ्याला पहिली शंका येते ती कर्करोग पसरल्याची.

या लेखाचे सांगणे एकच आहे. अशा वेळी गाठ कुठे सापडली एवढ्यावरून रोग ठरवू नये. गाठीचा तुकडा काय सांगतो आणि त्या बाईची आधी कोणती शस्त्रक्रिया झाली होती, या दोन गोष्टी एकत्र ठेवूनच निदान करावे. यातला दुसरा पुरावा अनेकदा वीस वर्षांपूर्वीच्या एका कागदावर असतो. तो कागद घरच्या फाइलमध्ये असेल तर निदानाची वाट सोपी होते. नसेल तर अनावश्यक केमोथेरपीपासून जिवावर बेतणाऱ्या दिरंगाईपर्यंत दोन्ही बाजूंनी धोका असतो. म्हणून या दुर्मीळ प्रकारांची माहिती फक्त तज्ज्ञांपुरती न राहता फायब्रॉइडची किंवा गर्भपिशवीची शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक स्त्रीपर्यंत पोहोचायला हवी.

गाठ साधी की घातक, हे ठरते कसे

शरीरातल्या बहुतेक गाठींना लागू पडणारा ठोकताळा असा, की गाठ दूरच्या अवयवात पोहोचली म्हणजे ती कर्करोगाचीच. फायब्रॉइडच्या या प्रकारांत तो ठोकताळा चुकतो. स्नायूची गाठ साधी आहे की घातक, हे पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली प्रामुख्याने तीन गोष्टींवरून ठरवतात: पेशी किती प्रमाणात विभागत आहेत, त्यांची केंद्रके किती बेढब झाली आहेत, आणि गाठीतल्या पेशी कर्करोगात मरतात तशा पद्धतीने मेल्या आहेत का. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या पॅथॉलॉजिस्टांनी निदानाला अवघड अशा २१३ गाठी तपासून दाखवले, की यातली कोणतीही एक खूण एकटी पुरेशी नसते. तिन्हींची सांगड घालूनच निष्कर्ष काढावा लागतो. पेशी भराभर विभागत असूनही गाठ साधी असू शकते, आणि केवळ आकाराने मोठी म्हणून कुठलीही गाठ घातक ठरत नाही. गाठ शरीरात कुठे आहे, हे या तीन खुणांमध्ये कुठेच येत नाही. फुप्फुसातून घेतलेल्या तुकड्यातल्या पेशी शांत दिसल्या, त्या स्नायूच्याच आहेत हे खास रंगद्रव्यांच्या चाचणीने सिद्ध झाले, आणि त्यांच्यावर इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या स्त्री-संप्रेरकांना प्रतिसाद देणारे ग्राहक सापडले, तर त्या गाठीचे मूळ गर्भाशयात असण्याची शक्यता बळावते.

साध्या पेशी इतक्या दूर जातात कशा, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक प्रकारात एकच नाही. काहींमध्ये त्या गर्भाशयाच्या शिरांमध्ये शिरतात आणि रक्ताबरोबर पुढे जातात. काहींमध्ये शस्त्रक्रियेत गाठीचे तुकडे पोटात राहून जातात आणि तिथेच रुजतात. काहींमध्ये संप्रेरकांच्या प्रभावाखाली पोटाच्या पडद्याखालच्या पेशीच स्नायूसारख्या होऊन गाठी तयार करतात, असे मानले जाते. फुप्फुसातल्या आणि गर्भाशयातल्या गाठींची जनुकीय तुलना केली तेव्हा काही स्त्रियांमध्ये दोन्ही गाठी एकाच मूळ पेशीपासून वाढल्याचे दिसून आले. म्हणजे पेशी खरोखरच प्रवास करतात, पण कर्करोगाच्या पेशीप्रमाणे पोहोचलेल्या ठिकाणी आजूबाजूचा अवयव पोखरत नाहीत. या फरकावरच उपचाराची सगळी दिशा अवलंबून आहे.

फुप्फुसात, शिरेत आणि पोटाच्या पडद्यावर

पहिला प्रकार फुप्फुसातल्या गाठींचा. स्टायनर यांनी १९३९ मध्ये त्याचे वर्णन केले. साधारणपणे अशा स्त्रीची काही वर्षांपूर्वी, कधी दहा-पंधरा वर्षांपूर्वी, फायब्रॉइडसाठी गाठ किंवा पिशवी काढलेली असते. पुढे दुसऱ्याच कारणासाठी छातीचा एक्स-रे काढला जातो आणि दोन्ही फुप्फुसांत लहान-मोठे गोल ठिपके दिसतात. अनेकींना ना खोकला असतो, ना दम लागतो. पण चित्र पाहून स्तनाचा, आतड्याचा किंवा अन्य कुठला कर्करोग पसरला असावा, ही शंका येते, आणि ती यायलाही हवी, कारण त्या चित्रामागे कर्करोग असण्याची शक्यता खरोखरच अधिक असते. इथे जुन्या शस्त्रक्रियेची माहिती निर्णायक ठरते. ती असेल तर फुप्फुसतज्ज्ञ त्या शक्यतेचा विचार करून गाठीतून सुईने तुकडा घेतात, पॅथॉलॉजिस्टला संप्रेरक-ग्राहकांची चाचणी करायला सांगतात, आणि शक्य असेल तर गर्भाशयाच्या जुन्या स्लाइडही तपासायला मागवतात. माहिती नसेल तर मूळ कर्करोगाचा शोध महिनोन्‌महिने चालू राहू शकतो.

दुसरा प्रकार सर्वांत घातकी आहे, कारण त्यात पेशी साध्या असूनही जीव धोक्यात येतो. गर्भाशयातल्या गाठीचा दोरखंडासारखा लांब भाग शिरेत शिरतो, ओटीपोटातल्या शिरांमधून वर सरकत शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणाऱ्या महानीलेत येतो, आणि काहींच्या बाबतीत हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत पोहोचतो. याची पहिली नोंद बिर्श-हिर्शफेल्ड यांनी १८९६ मध्ये केली, आणि हृदयापर्यंत पोहोचलेली गाठ ड्युर्क यांनी १९०७ मध्ये नोंदवली. पायांवर सूज, दम लागणे, छातीत धडधड, अचानक चक्कर येऊन पडणे ही त्याची लक्षणे. टू-डी इको केल्यावर हृदयात काहीतरी हलताना दिसते. ते रक्ताची गुठळी किंवा हृदयातलीच गाठ समजली जाण्याचा धोका असतो. गुठळी समजून रक्त पातळ करण्याची औषधे सुरू झाली तर गाठ विरघळत नाही, आणि हृदयातलीच समजून तेवढाच भाग काढला तर खालचा भाग शिरेत तसाच राहतो. म्हणून फायब्रॉइडचा इतिहास असलेल्या स्त्रीच्या हृदयाच्या उजव्या बाजूला असे काही दिसले, तर छातीपासून ओटीपोटापर्यंत सलग सीटी स्कॅन किंवा एमआरआय करून गाठीचे दुसरे टोक शोधणे हे पहिले काम आहे. उपचार शस्त्रक्रियेचाच. ती हृदयशल्यचिकित्सक, रक्तवाहिन्यांचे शल्यचिकित्सक आणि स्त्रीरोगतज्ज्ञ या तिघांनी मिळून करायची असते. गाठ बहुधा शिरेच्या आतल्या भिंतीला फारशी चिकटलेली नसल्याने ती पूर्ण काढता येण्याची आशा असते. काही भाग मागे राहिला तर ती पुन्हा वाढू शकते.

तिसरा प्रकार पोटाच्या पडद्यावर विखुरलेल्या असंख्य लहान गाठींचा. विल्सन आणि पील यांनी १९५२ मध्ये तो वर्णिला आणि १९६५ मध्ये टॉबर्ट यांनी त्याला वेगळे नाव दिले. प्रजननाच्या वयातल्या स्त्रियांत तो प्रामुख्याने दिसतो. गरोदरपण, संप्रेरकांच्या गोळ्या किंवा शरीरात इस्ट्रोजेन वाढवणारे अन्य कारण यांच्याशी त्याचा संबंध आढळतो. सिझेरियनच्या वेळी पोट उघडल्यावर आतड्यांवर, आतड्यांपुढच्या चरबीच्या पडद्यावर आणि ओटीपोटात पसरलेल्या गाठी पाहून अंडाशयाचा कर्करोग पसरला आहे, असे वाटणे सहज शक्य आहे. अशा वेळी सुज्ञ शल्यचिकित्सक आधी तुकडा घेऊन तपासणीला पाठवतात आणि दोन्ही अंडाशयांसह मोठी शस्त्रक्रिया त्याच वेळी करण्याचा मोह टाळतात. संप्रेरकांचा प्रभाव कमी झाल्यावर या गाठी आपोआप लहान झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत.

याच्या जवळचा, पण वेगळा प्रकार म्हणजे गर्भाशयापासून सुटून दुसऱ्या अवयवाच्या रक्तपुरवठ्यावर वाढणारी गाठ. केली आणि कलन यांनी १९०९ मधल्या आपल्या ग्रंथात तिचे वर्णन केले, म्हणजे दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया सुरू होण्याच्या कितीतरी आधी ती माहीत होती. पुढे दुर्बिणीतून फायब्रॉइड काढताना मोठी गाठ लहान छेदातून बाहेर काढण्यासाठी यंत्राने तिचे तुकडे करण्याची पद्धत रूढ झाली. तिला मॉर्सेलेशन म्हणतात. तुकडे करताना सुटलेले कण पोटात राहिले तर काही वर्षांनी तिथे गाठी उगवू शकतात. हे घडण्याचे प्रमाण प्रसिद्ध अभ्यासांत एक टक्क्याच्या आत आहे. अधिक गंभीर प्रश्न असा, की फायब्रॉइड समजून तुकडे केलेली गाठ क्वचित कर्करोगाची निघाली तर तो पोटभर पसरतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये याबद्दल इशारा दिला आणि पुढे तुकडे करायचेच असतील तर ते बंद पिशवीच्या आत करण्याचा आग्रह धरला.

गाठ गर्भाशयातच, सूचना मूत्रपिंडाविषयी

आणखी एका प्रकाराचा इथे विचार करायला हवा, जरी त्यात गाठ गर्भाशय सोडून जात नाही. काही घराण्यांत एफएच नावाच्या जनुकातला दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. हे जनुक पेशीतल्या ऊर्जानिर्मितीच्या साखळीतले फ्युमरेज हे विकर बनवते. या आजारामागे त्याचाच दोष असल्याचे २००२ मध्ये सिद्ध झाले. अशा स्त्रियांना विशी-तिशीतच अनेक मोठे फायब्रॉइड होतात, आणि कमी वयातच पिशवी काढण्याची वेळ येते. त्यांच्या किंवा नातेवाइकांच्या हातापायांवर, छातीवर किंवा पाठीवर त्वचेच्या लहान, कडक गाठी असू शकतात. थंडीत किंवा दाबल्यावर त्या दुखतात. फायब्रॉइड साधेच असतात, पण याच दोषामुळे आयुष्यात मूत्रपिंडाचा कर्करोग होण्याचा धोका सुमारे १५ टक्के असतो, आणि तो कर्करोग लहान असतानाच पसरू लागतो. दोष पुढच्या पिढीत जाण्याची शक्यता प्रत्येक अपत्यामागे ५० टक्के असते, मुलगा असो वा मुलगी. त्यामुळे ज्यांच्यात हा दोष निश्चित झाला आहे त्यांनी, बालपणापासूनच, दरवर्षी मूत्रपिंडाचा एमआरआय करावा, अशी तज्ज्ञांची शिफारस आहे. पॅथॉलॉजिस्टला फायब्रॉइडच्या स्लाइडवर काही ठरावीक खुणा दिसतात, आणि एका साध्या रंगचाचणीने विकराचा अभाव तपासता येतो. अभाव दिसला म्हणजे दोष घराण्यातलाच आहे, असे नाही. अनेकदा तो फक्त त्या गाठीपुरता असतो. म्हणून पुढची पायरी रक्तातून जनुकीय तपासणी आणि जनुकीय समुपदेशन ही आहे. तिशीच्या आत मोठे व अनेक फायब्रॉइड, घरात त्वचेच्या दुखऱ्या गाठी, किंवा नात्यात कमी वयात मूत्रपिंडाचा कर्करोग, यांपैकी दोन गोष्टी जुळत असतील तर डॉक्टरांना हा प्रश्न स्पष्टपणे विचारायला हवा.

कधी कधी पॅथॉलॉजिस्टलाही गाठ साधी की घातक हे खात्रीने सांगता येत नाही. अशा गाठींसाठी अहवालात अनिश्चित स्वरूपाची स्नायूची गाठ अशा अर्थाची नोंद येते. ती वाचून घाबरून जाण्यापेक्षा तिच्यातला प्रामाणिकपणा ओळखावा. अशा बहुतेक गाठींचा पुढचा प्रवास सौम्य असतो, पण काही पुन्हा उद्भवतात आणि काही घातक रूपात परततात. त्यामुळे गर्भाशयाच्या गाठींचा अनुभव असलेल्या पॅथॉलॉजिस्टचे दुसरे मत घेणे आणि अनेक वर्षे ठरावीक अंतराने तपासणी करणे, हा योग्य मार्ग आहे.

उपचार ठरवताना घाई कशाची, संयम कशाचा

फुप्फुसातल्या किंवा पोटाच्या पडद्यावरच्या साध्या गाठी बहुधा अंडाशयांच्या संप्रेरकांवर वाढतात. त्यामुळे उपचाराचा विचारही तिथूनच सुरू होतो. बाई पाळी जाण्याच्या वयाजवळ असेल, गाठी लहान असतील आणि त्रास नसेल, तर ठरावीक अंतराने स्कॅन करून लक्ष ठेवणे हाही उपचारच आहे. गाठी वाढत असतील तर पाळी तात्पुरती थांबवणारी इंजेक्शने, शरीरात इस्ट्रोजेन बनू न देणारी लेट्रोझोलसारखी औषधे, किंवा काहींच्या बाबतीत दोन्ही अंडाशये काढणे, असे पर्याय डॉक्टर मांडतात. फुप्फुसातली एखाद-दुसरी गाठ असेल, किंवा निदान पक्के व्हायलाच हवे असेल, तर ती काढलीही जाते. कर्करोगाची केमोथेरपी या साध्या गाठींवरचा नेहमीचा उपचार नव्हे. ती सुचवली गेली तर तुकड्याचा अहवाल मागून, त्यात नेमके काय लिहिले आहे, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तसेच स्तनाच्या कर्करोगानंतर दिले जाणारे टॅमॉक्सिफेन किंवा पाळी गेल्यानंतरची इस्ट्रोजेनची गोळी चालू असेल, तर ती माहिती सांगितल्याशिवाय राहू नका. मात्र कोणतेही औषध स्वतःहून बंदही करू नका.

इथे एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो आपल्याकडे घरोघरी ऐकू येतो: गाठीला सुई लावली की ती भडकते, पसरते. फुप्फुसातल्या गाठीतून तुकडा घेण्याचे खरे धोके वेगळे आहेत. छातीत हवा शिरू शकते, थोडा रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून ही तपासणी सीटी स्कॅनच्या मार्गदर्शनाखाली आणि रुग्णालयातच करतात. सुईच्या वाटेने गाठ पसरणे फारच क्वचित घडते. उलट तुकडा न घेता केवळ चित्रावरून कर्करोग ठरवला, तर न लागणारे विषारी औषध शरीरात जाते, आणि तसेच चित्रावरून साधी गाठ ठरवली, तर खरा कर्करोग हातचा निसटतो. दोन्ही चुका सुईपेक्षा कितीतरी महाग पडतात. शिरेतल्या गाठीची गोष्ट मात्र निराळी आहे. तिथे स्कॅनवरून अंदाज बांधून शस्त्रक्रियेतच तुकडा तपासणे अधिक सुरक्षित असते.

दुसरा आक्षेप असा, की सुरुवातीलाच पिशवी आणि अंडाशये दोन्ही काढून टाकली तर हा प्रश्नच उद्भवणार नाही. ऐकायला हे पटते, पण पुरावा त्याच्या बाजूने नाही. फुप्फुसातल्या गाठी सापडलेल्या अनेक स्त्रियांची पिशवी आधीच काढलेली असते. पेशी त्यापूर्वीच बाहेर गेलेल्या असतात. अंडाशये तरुणपणी काढली तर हाडे ठिसूळ होणे आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो. अतिदुर्मीळ आजाराच्या भीतीपोटी एवढी किंमत प्रत्येकीने मोजावी, याला वैद्यकीय आधार नाही. महाराष्ट्रात हा मुद्दा कागदी राहिलेला नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये समोर आले, तेव्हा राज्य सरकारने नेमलेल्या समितीने ८२,३०९ स्त्रियांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. अनेकींचे वय तरुण होते. अशा प्रत्येक शस्त्रक्रियेमागे नेमका कोणता आजार होता आणि काढलेली पिशवी तपासणीला गेली का, याचा पुरावा त्या बाईच्या हातात असायला हवा. पुढे वीस वर्षांनी तिच्या एक्स-रेवर ठिपके दिसले, तर तोच पुरावा उपयोगी पडेल.

तिसरा आक्षेप याच्या बरोबर उलट बाजूने येतो: गाठ साधी आहे, तर मग तिचा विचार कशाला? शिरेतली गाठ हृदयात पोहोचून रक्ताचा मार्ग अडवू शकते, हे त्याचे पहिले उत्तर. दुसरे असे, की साधी ठरलेली गाठ पाळी गेल्यानंतरही वाढत राहिली किंवा थोड्या काळात झपाट्याने वाढली, तर आधीच्या निदानावर विसंबून न राहता पुन्हा तुकडा तपासावा लागतो. आणि शेवटचा आक्षेप, इतक्या विरळ आजाराबद्दल लिहून सगळ्या स्त्रियांना घाबरवायचे का? फायब्रॉइड असलेल्या जवळजवळ सर्व स्त्रियांना यातला एकही प्रकार कधी होणार नाही, हे ठामपणे सांगायला हवे, आणि त्यासाठी जादा स्कॅन करण्याची मुळीच गरज नाही. इथे मागितले आहे ते फक्त एवढेच, की झालेल्या शस्त्रक्रियेचे कागद जपावेत आणि लक्षण दिसले तर ते बोलून दाखवावे. याला पैसा लागत नाही, आणि याने कुणाला भीती वाटण्याचे कारण नाही.

शस्त्रक्रियेआधी, शस्त्रक्रियेनंतर

शस्त्रक्रिया ठरली असेल तर आधीच तीन प्रश्न विचारून घ्या. माझी गाठ दुर्बिणीतून काढताना तुकडे करावे लागतील का, आणि लागले तर ते बंद पिशवीत करणार का? काढलेला भाग हिस्टोपॅथॉलॉजीला जाणार का, आणि कोणत्या प्रयोगशाळेत? कर्करोगाची शंका दूर करण्यासाठी आधी कोणत्या तपासण्या झाल्या आहेत? पाळी गेलेली असेल आणि गाठ वाढत असेल, तर हा तिसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. दुर्बिणीची शस्त्रक्रिया वाईट नाही; रक्तस्राव कमी होतो, बाई लवकर घरी जाते, आणि बहुतेकींसाठी तीच योग्य ठरते. प्रश्न पद्धतीचा नसून गाठ बाहेर काढताना घ्यायच्या काळजीचा आहे, आणि काळजी घेणाऱ्या डॉक्टरांना हे प्रश्न विचारलेले आवडतात.

शस्त्रक्रियेनंतर घरी जाताना डिस्चार्ज कार्डाबरोबर शस्त्रक्रियेचा तपशील आणि हिस्टोपॅथॉलॉजीचा अहवाल मागून घ्या. अहवाल यायला काही दिवस लागतात, म्हणून तो आणायला पुन्हा जावे लागेल, हे आधीच ठरवून ठेवा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे सांभाळणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या द्यायच्या असतात. यातले तीन वर्षे हे शब्द नीट लक्षात घ्यावेत. फुप्फुसातली गाठ दहा-पंधरा वर्षांनी दिसू शकते. तोपर्यंत रुग्णालयाकडे तुमची नोंद असेलच, याची खात्री नाही. म्हणजे ती नोंद जपण्याची जबाबदारी प्रत्यक्षात तुमच्यावर येते. अहवालाचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा, एक प्रत मुलीला किंवा बहिणीला पाठवा, आणि ज्या प्रयोगशाळेत तपासणी झाली तिचे नाव व अहवालाचा क्रमांक वेगळा लिहून ठेवा. गाठीचा तुकडा मेणात जपून ठेवलेला असतो. त्याला पॅथॉलॉजीत ब्लॉक म्हणतात. तो किती वर्षे ठेवतात, हे प्रयोगशाळेला विचारा. पुढे दुसरे मत हवे असेल किंवा नवीन चाचणी करायची असेल, तर अहवालाच्या कागदापेक्षा स्लाइड आणि ब्लॉक अधिक उपयोगी पडतात, कारण त्यांवर नव्याने तपासणी करता येते.

ज्यांची शस्त्रक्रिया पूर्वीच झाली आहे, त्यांनी एकदा घरातली जुनी फाइल उघडून पाहावी. अहवाल असेल तर तो वर सांगितल्याप्रमाणे जपावा. नसेल तर रुग्णालयाला लेखी विनंती करावी. मिळाला नाही तरी शस्त्रक्रिया कधी, कुठे आणि कशासाठी झाली, पिशवीबरोबर अंडाशये काढली की ठेवली, गाठीचे तुकडे करून काढले का, एवढी माहिती आठवून कागदावर लिहावी. पुढे कधी छातीच्या चित्रात ठिपके दिसले, कारण न सापडता दम लागू लागला, पायांवर सूज आली, चक्कर येऊन पडायला झाले, किंवा पोटात नव्याने गाठ जाणवली, तर डॉक्टरांच्या पहिल्या भेटीत, त्यांनी विचारो वा न विचारो, ही माहिती द्यावी. हृदयतज्ज्ञ किंवा छातीचे डॉक्टर पिशवीच्या शस्त्रक्रियेबद्दल आपण होऊन विचारतीलच असे नाही, कारण बहुतेक रुग्णांच्या बाबतीत तिचा त्यांच्या आजाराशी संबंध नसतो. ज्या थोड्या स्त्रियांच्या बाबतीत तो संबंध असतो, त्यांच्यासाठी मात्र निदानाचा सर्वांत जवळचा रस्ता तिथूनच जातो, आणि तो रस्ता दाखवण्याचे काम रुग्ण स्वतः करू शकते. कर्करोग नसेल तर त्याचा उपचार टळतो, असेल तर त्याला योग्य उपचार वेळेवर मिळतो, आणि शिरेतली गाठ असेल तर ती हृदयापर्यंत पोहोचण्याआधी शस्त्रक्रियेची संधी मिळते.